खुर्ची संग्रहालयात, मग घरात आलं ते काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही चुकीचं समजले असेन तर इथेच लक्षात येईल. तुम्ही संग्रहालयात बाउहाउस या जर्मन डिझाइन शाळेतल्या मार्सेल ब्रॉयरची स्टीलच्या नळीची खुर्ची पाहिलीत. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की या डिझाइननं माणसाचं रोजचं जगणं बदललं. तुमचं म्हणणं असं की ओळखीतल्या एकाच्याही घरी ही खुर्ची नाही, किंमत तर विचारायलाच नको. मग बदललं ते नक्की कुणाचं जगणं? आणि पुढचा प्रश्न: हे आधुनिकतावादी डिझाइन, म्हणजे नक्षी टाळून मशीनवर घाऊक बनवायच्या साध्या वस्तू, खरंच घराघरांत पोचलं असेल, तर लोकांनी ते आवडीनं घेतलं की त्यांच्या गळ्यात मारलं गेलं?

शंका रास्त आहे. आपण शोधतो वस्तू: ती खुर्ची, तो दिवा, ती किटली. त्या फारशा कुठे पोचल्या नाहीत. पोचल्या त्या त्यांच्यामागच्या कामाच्या पद्धती. माप आधी ठरवून घ्यायचं, वस्तूचे सुटे भाग करायचे, एकावर एक रचता येईल असं बघायचं, पुसायला सोपं ठेवायचं. आणि या पद्धती पसंत केल्या त्या बहुतेक वेळा वापरणाऱ्यांनी नाही. दुसऱ्यांसाठी घाऊक खरेदी करणाऱ्यांनी केल्या: नगरपालिका, शाळा, कॅफे, दवाखाने, घरं बांधणाऱ्या संस्था. मी २६ वर्षं फर्निचर डिझाइन करते, त्यातलं बरंचसं शाळा आणि ऑफिसांसाठी, त्यामुळे माझी नजर कारखान्याच्या बाजूची आहे हे गृहीत धरा. कापडातला किंवा छपाईतला माणूस हीच गोष्ट वेगळी सांगेल. शिवाय देशादेशांत फरक पडतो. जिथे युद्धात घरं पडली आणि ती घाईनं उभी करायची होती तिथे हे सगळं भराभर झालं. जिथे हातकाम स्वस्त राहिलं तिथे सावकाश.

खुर्ची जरा बाजूला ठेवू. एक कोरा कागद घ्या, ए-४. २१० बाय २९७ मिलिमीटर. हे विचित्र माप आलं कुठून? वाल्टर पोर्स्टमान नावाच्या जर्मन माणसानं सुचवलेल्या पद्धतीतून, जी १९२२ साली डीआयएन ४७६ या नावानं जर्मन मानक झाली. लांबी आणि रुंदीचं प्रमाण २ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे साधारण १.४१४. हे प्रमाण धरलं की कागद मधोमध दुमडला तरी अर्ध्याचं प्रमाण तेच राहतं. सगळ्यात मोठा ए-० बरोबर एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा. चारदा निम्मा केला की ए-४. म्हणजे ए-४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग, आणि ८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक पान बरोबर ५ ग्रॅमचं. तराजूवर न ठेवता पाकिटाचं वजन सांगता येतं. बाउहाउसनं आपली पत्रं आणि छापील कागद याच मापात आणले. १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. अमेरिका आणि कॅनडा अजून आपल्या जुन्या मापावर आहेत.

यात फर्निचर कुठे आलं? कागदावरून फाइल ठरली, फाइलवरून फळी. ए-४ ची जाड कण्याची फाइल ३२ सेंटिमीटरच्या आसपास उंच असते. मी ऑफिसचं कपाट काढायला बसते तेव्हा दोन फळ्यांमधलं अंतर ३५ धरते, आणि त्यात माझी अक्कल काही नसते. बाउहाउसचा संस्थापक वाल्टर ग्रोपियस याच्या ऑफिसात काम केलेल्या एर्न्स्ट नॉयफर्टनं १९३६ साली अशी मापं एका जाडजूड पुस्तकात गोळा केली. माणूस बसला तर किती जागा, ट्रे धरून चालला तर किती, दार उघडायला किती. ते पुस्तक अजून नव्या आवृत्त्या काढत इमारती आखणाऱ्यांच्या टेबलावर आहे. ए-४ कागदाला कुणी 'आधुनिकतावादी वस्तू' म्हणत नाही. पण तुमच्या ब्रॉयरच्या खुर्चीपेक्षा तो कितीतरी जास्त ठिकाणी पोचला, आणि तुमच्या घरातल्या पुस्तकांच्या फळीची उंचीही बहुधा त्यानंच ठरवली असेल.

आता साधेपणाबद्दल. 'साधं म्हणजे स्वस्त, म्हणून पसरलं' असा एक समज आहे, तो मोडायला मला स्वतःची फजिती सांगावी लागेल.

पहिल्या नोकरीत मी भिंतीतलं एक कपाट काढलं. बीडिंग नाही, मोल्डिंग नाही, म्हणजे कडेला एकही पट्टी नाही, दारं चौकटीच्या पातळीत, सगळीकडे दोन मिलिमीटरची सरळ फट. ड्रॉइंगवर फारच देखणं दिसत होतं. वर्कशॉपमधल्या वयस्कर सुतारांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आणि चूक कुठे लपवायची?" मला वाटलं, हे जुन्या वळणाचे आहेत. कपाट बसलं. भिंत ओळंब्यात नव्हती. वर दोन मिलिमीटर असलेली फट खाली नऊ झाली. दमट हवेत लाकूड फुगलं तसं एक दार अडकायला लागलं. दुसरं दार तासलं तर तिकडची फट वाढली. शेवटी त्याच सुतारांनी भिंतीला लागून चारी बाजूंनी एक पट्टी ठोकली आणि प्रकरण मिटवलं. मला काही बोलले नाहीत, हे त्यातल्या त्यात नशीब.

तेव्हा कळलं की ज्याला आपण नक्षी समजतो त्यातली बरीचशी नक्षी चूक झाकायला असते. चौकट आणि गिलावा जिथे भेटतात तिथे पट्टी, फरशी आणि भिंत भेटतात तिथे स्कर्टिंग, दोन फळ्यांच्या सांध्यावर बीडिंग. हातानं काम करणाऱ्याला तीन-चार मिलिमीटरची सवलत लागते, ती ही पट्टी पोटात घेते. पट्टी काढून टाकलीत तर मिलिमीटरचं काम करावं लागतं, आणि ते हातानं फार महाग पडतं. साधेपणा स्वस्त होतो तो करवत मशीनची असेल, फळी न फुगणारी असेल आणि शंभर नग एकसारखे निघत असतील तेव्हा.

बाउहाउसवाल्यांची गंमत अशी की त्यांच्या सुरुवातीच्या काळात यातलं काहीच हाताशी नव्हतं. १९१९ साली वाल्टर ग्रोपियसनं वायमारमध्ये ही शाळा काढली, १९२५ मध्ये ती देसाऊला गेली, १९३२ मध्ये बर्लिनला, आणि १९३३ मध्ये बंदच झाली. जेमतेम १४ वर्षं. १९२४ मधला विल्हेल्म वागेनफेल्डचा टेबलावरचा दिवा तुम्ही फोटोत पाहिला असेल: दुधी काचेचा अर्धगोल, खाली गोल बैठक. तो लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मांडला तेव्हा व्यापारी हसले, असं वागेनफेल्डनं स्वतःच सांगून ठेवलंय. दिसायला तो मशीनवर निघालेला स्वस्त माल, आणि किंमत हातकामाची! खरंच तो हातानं बनत होता. संग्रहालयात जे असतं ती अशी रंगीत तालीम असते. प्रयोग नंतर, दुसऱ्या थिएटरात लागतो. हाच वागेनफेल्ड पुढे एका काचकारखान्यात कामाला लागला आणि १९३८ मध्ये त्यानं काचेचे चौकोनी डबे केले, साच्यात दाबून काढलेले, मापं एकमेकांत बसणारी, एकावर एक रचले की फ्रिजमध्ये जागा वाया न घालवणारे. त्या दिव्याच्या नकला दुकानांत दिसतात. डब्यांची नक्कल मात्र तुमच्या फ्रिजमध्ये आत्ता आहे, आणि तिला नक्कल म्हणावं असं कुणाला सुचतही नाही.

बाउहाउसचा बाजारात सगळ्यात चांगला चाललेला माल कोणता, माहीत आहे? वॉलपेपर. भिंतीला चिकटवायचा कागद! १९२९-३० च्या सुमारास राश या कारखान्याबरोबर काढलेला. त्यावर फुलं-वेली नव्हत्या, बारीक रेघा आणि जाळीसारखा पोत होता. बारीक पोतामुळे दोन पट्ट्या जुळवताना कागद वाया जात नसे आणि खालच्या गिलाव्याचे उंचसखल भागही नजरेत भरत नसत. माझ्या सुतारांचा प्रश्न त्यांनीही सोडवलाच होता म्हणायचा, फक्त पट्टी न ठोकता.

सुट्या भागांची गोष्ट तर बाउहाउसच्याही आधीची. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ मधली. वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या सुट्या करून बसत आणि जोडणी जिथे पोचतील तिथे. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या गेल्या होत्या. ही खुर्ची लोकांनी 'आधुनिक' म्हणून घेतली नाही. कॅफेवाल्यांनी घेतली, कारण हलकी, धुता येते, एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएनं १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात थोनेटच्याच खुर्च्या मांडल्या. नवं काही काढायची गरज त्याला वाटली नाही. पुढे १९५६ मध्ये आयकिआ या स्वीडिश फर्निचर कंपनीनं सुटे पाय असलेलं टेबल विकायला काढलं, कारण गिलिस लुंडग्रेन या त्यांच्या माणसाला टेबल गाडीत मावेना म्हणून त्यानं पाय काढून ठेवले होते. शंभर वर्षांच्या अंतरानं पुन्हा तेच. वाहतुकीचा खर्च हा डिझाइनचा फार मोठा गुरू आहे. आमच्या धंद्यात हे कुणी नाकारत नाही, मुलाखतीत मात्र कुणी सांगत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे आवडलं की लादलं याचं, उत्तर मला जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरात जास्त चांगलं सापडतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची भयंकर टंचाई होती. नगरपालिकेच्या बांधकामाचा प्रमुख एर्न्स्ट माय. त्याच्या हाताखाली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर आखलं: साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर त्यांच्या नजरेसमोर होतं. कारखान्यात मजुराच्या हालचाली घड्याळ लावून मोजतात तशा त्यांनी घरकामाच्या हालचाली मोजल्या. चुलीपासून सिंकपर्यंत किती पावलं, भांडं उचलून ठेवायला किती वेळ. सलग ओटा, त्यात कचरा सरकवायला खाच, भिंतीवरून खाली पाडायची इस्त्रीची फळी, बसून चिरायला फिरतं स्टूल. कोरड्या जिनसांसाठी अॅल्युमिनियमचे खण, प्रत्येकावर नाव, पुढे ओतायची चोच, म्हणजे खण उचलून थेट भांड्यात ओतता यावं. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण ओकमधल्या टॅनिननं अळ्या लांब राहतात. कपाटांना निळसर रंग, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती.

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. भाडेकरूंना कुणी विचारलं नाही. ती घराबरोबरच आली. आणि कुरकुरही बरीच झाली. जुनं कपाट आत मावेना. दोघांनी मिळून काम करायचं तर कोपरं आपटायची. ते सुंदर अॅल्युमिनियमचे खण लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर आले होते. बाईंनी पुढे मोकळेपणानं सांगितलं की ते आखण्याआधी त्यांनी स्वतः कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता. मला यात कमीपणा वाटत नाही, त्यांनी निदान मोजमाप तरी केलं. पण एका वेळी एकच बाई राबणार हे गृहीतक त्या आराखड्यात पक्कं बसलं, आणि ते काढून टाकायला पुढच्या लोकांना भिंती पाडाव्या लागल्या.

मग लादलंच ना? सुरुवातीला हो. पण त्यातलं टिकलं काय ते बघा. नावांचे खण गेले, फिरतं स्टूल गेलं, ती अरुंद खोलीही बऱ्याच ठिकाणी गेली. सलग ओटा राहिला, खाली-वर कपाटं राहिली, आणि नंतर ६० सेंटिमीटरचं माप सगळीकडे रुळलं. डिशवॉशर, शेगडी, ओव्हन वेगवेगळ्या कारखान्यांत बनूनही एका ओळीत बसतात ते त्यामुळे. वापरणाऱ्यांना आधी निवड करता आली नाही, पण नंतर त्यांनी चाळण लावली. नैऋत्य फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे ल कॉर्ब्युझिएनं १९२६ मध्ये कामगारांसाठी सपाट छपराची, लांबलचक आडव्या खिडक्यांची घरं बांधली. रहिवाशांनी काही वर्षांत त्यावर उतरती छपरं चढवली, खिडक्या अर्ध्या बुजवल्या, गच्च्या बंद करून खोल्या केल्या. आणि ते करता आलं, कारण आतली रचना मोकळी होती. उंच इमारतींची कहाणी याहून वेगळी आणि कडू आहे, पण तो माझा प्रांत नाही, तिथे मी तोंड घालत नाही.

आता तुमच्या खुर्चीकडे येते. ब्रॉयर सायकल चालवायचा, आणि हँडलची वाकवलेली नळी पाहून १९२५ मध्ये त्याला ही खुर्ची सुचली. मार्ट स्टाम या डच वास्तुविशारदानं १९२६ मध्ये गॅसच्या पाइपाचे तुकडे जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची केली. ब्रॉयरनंही १९२८ मध्ये तशी केली, मग हक्काचा वाद कोर्टात गेला आणि श्रेय स्टामला मिळालं. तुम्ही पाहिलेली खुर्ची घरांत न जाण्याची कारणं साधी आहेत: तिला खूप वाक आहेत, ताणून बसवलेले पट्टे आहेत, आणि ती एकावर एक रचता येत नाही. शाळेच्या शिपायाला रोज संध्याकाळी चाळीस खुर्च्या हलवायच्या असतात. त्याच्या दृष्टीनं ती खुर्ची निरुपयोगी आहे.

पण तिच्यातली नळी निसटली आणि एकटीच पुढे गेली. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्यानं दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या वाकवलेल्या प्लायच्या पट्ट्या केल्या, तेच तंत्र नंतर बैठकीला लावलं. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबिन डे या डिझायनरनं साच्यातून एका झटक्यात निघणारी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची बैठक केली आणि खाली ब्रॉयरच्याच जातीची वाकवलेली स्टीलची नळी लावली. अशा एक कोटीहून जास्त खुर्च्या गेल्या. शाळा, सभागृह, दवाखान्याचा व्हरांडा: तुम्ही आयुष्यात हिच्यावर किंवा हिच्या भावंडांवर नक्की बसला आहात.

रचता येणं ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही, म्हणून थोडं थांबते. एका खुर्चीवर दुसरी ठेवली की ती थोडी पुढे सरकून बसते, कारण बैठकीची जाडी मध्ये येते. तिसरी आणखी पुढे. आठ-दहा झाल्या की सगळी चळत पुढे झुकते आणि कोसळते. उपाय दोन: पाय बैठकीच्या बाहेरून न्यायचे, म्हणजे वरची खुर्ची खालचीवर सरळ उतरते, किंवा चळत तिरक्या ट्रॉलीवर ठेवायची. पाय बाहेर नेले की दोन खुर्च्या शेजारी लावताना जागा जास्त लागते. दीडशे माणसांच्या सभागृहात दर खुर्चीला तीन सेंटिमीटर वाढले तर रांगेतली एक खुर्ची कमी होते. मी आखलेल्या एका खुर्चीच्या पायाचा कोन पाच वेळा बदलला तो या भांडणात. दिसायचा प्रश्न एकदाही आला नाही.

आणि मग प्लास्टिकची अखंड खुर्ची, नळीसुद्धा नसलेली. आँरी मासोने यानं फ्रान्समध्ये १९७२ साली काढलेल्या खुर्चीनं ही जात रुळवली. साच्यातून एक नग निघायला दोन मिनिटंही लागत नसत. पाठीतल्या फटी प्लास्टिक वाचवायला आणि पाणी निथळायला, कडा खाली दुमडलेली ती ताठपणा यावा म्हणून. एकच पदार्थ, एकही सांधा नाही, नक्षी नाही, कुणालाही परवडणारी. १९२० च्या दशकात ज्या ज्या गोष्टींची स्वप्नं पाहिली गेली त्या सगळ्या तिच्यात आहेत. माझे बरेच सहकारी तिच्याकडे नाक मुरडतात. माझी तक्रार वेगळी आहे: पाय तडकला की दुरुस्ती नाही. थोनेटच्या खुर्चीचा तुटका भाग बदलता यायचा, ही सरळ कचऱ्यात जाते.

तेव्हा तुमच्या पाटीवरच्या वाक्यात मी एवढीच दुरुस्ती करीन: त्या खुर्चीनं जगणं बदललं नाही, तिच्या नळीनं थोडं बदललं, आणि त्याहून जास्त कागदाच्या मापानं, खोक्यात मावण्यानं आणि सलग ओट्यानं.

घरात हे ओळखायचं कसं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वस्तू चौकोनी आणि पांढरी आहे म्हणून ती आधुनिकतावादी होत नाही. आजकाल तो नुसता पेहरावही असतो. सांधे बघा. दाराच्या चौकटीला पट्टी आहे की नाही, नसेल तर फट सगळीकडे सारखी आहे का. डबे एकमेकांवर बसतात का. एका कंपनीचं झाकण दुसरीच्या बरणीला लागतं का. आणि पुढच्या वेळी कुठे वाट बघत बसावं लागलं तर खुर्चीखाली हात घालून नळीचा वाक चाचपून पाहा. आतल्या बाजूला सुरकुत्या किंवा चपटा भाग लागला, तर वाकवताना नळीच्या आत आधार दिला नव्हता. अशा खुर्चीवर मागे रेलून झुलू नका.